पोलिसांनी चौकीत मारलं, तक्रार केली तर गुन्हा दाखल करू म्हणतात: आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विसर्जन मिरवणुकीत रात्री साउंड बंद करण्यावरून तुमच्या बावीस वर्षांच्या धाकट्या भावाची बंदोबस्तावरच्या पोलिसांशी बाचाबाची झाली. त्याला चौकीत नेलं, पट्ट्याने मारलं, रात्रभर बसवून ठेवलं आणि सकाळी कोऱ्या कागदावर सही घेऊन सोडलं. याला चार दिवस झाले. तक्रारीचं नाव काढल्यावर ‘३५३ लावू, नोकरी-पासपोर्ट सगळं अडकेल’ असं ऐकवलं (३५३ म्हणजे सरकारी नोकरावर हल्ल्याचं कलम). पोलिसांना असं मारायचा अधिकार आहे का, आता काय करता येईल आणि तक्रार केली तर पुढे त्रास होईल का, हे तुम्ही विचारलंय.

उत्तर लांब आहे, ते नंतर सावकाश वाचा. आधी भावाला घेऊन सरकारी रुग्णालयात जा, आजच. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल, जे जवळ असेल ते. केसपेपर काढा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की पोलिसांनी मारलं. कुठल्या चौकीत, कुठल्या रात्री, कशाने आणि अंगावर कुठे कुठे. ‘पडलो’ म्हणू नका. घाबरून बहुतेक लोक तेच सांगतात आणि पुढे उलटतपासात तोच केसपेपर त्यांच्यासमोर धरला जातो. तिथले कर्मचारी ‘पोलिसांची यादी आणा’ म्हणतील. यादी म्हणजे तपासणीसाठी पोलीस ठाण्याने रुग्णालयाला दिलेलं पत्र. ज्यांनी मारलं त्यांच्याकडेच ते मागायला जायचं नाही. रुग्णाला तपासायला आणि केसपेपरवर जखमा लिहायला यादी लागत नाही. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पुढे कायद्याच्या कामी लागणारं प्रकरण) म्हणून नोंद करा अशी विनंती करा, नकार मिळाला तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

घाई एवढ्यासाठी की मार फार दिवस साक्ष देत नाही. काठीचा ताजा वळ नीट पाहिला तर दोन समांतर लाल रेघा दिसतात आणि त्यांच्या मधली पट्टी फिकी राहते. पायरीवरून घसरून पडलेल्या माणसाच्या अंगावर असा वळ उमटत नाही. पुढे तो निळा-काळा होतो, पाच-सहा दिवसांत हिरवट, मग पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत पुसला जातो. या रंगावरून मार किती जुना आहे हे डॉक्टर अंदाजाने लिहितात, आणि तो अंदाज तुमच्या तारखेशी जुळतो का हे कोर्ट बघतं. तळपायांवर मारलं असेल तर वरून फारसं काही दिसत नाही, पण टाच टेकवताना कळ येते. ते आवर्जून सांगा, दाबून बघायला लावा. घरी उजेडात फोटो काढा, एका फोटोत चेहरा आणि वळ दोन्ही येऊ द्या. मूळ फोटो फोनमध्ये तसेच ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोत तारीख-वेळेची माहिती राहत नाही.

आता अधिकाराचा प्रश्न. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. सुरुवातीची काही वर्षं सरकारी पक्षाकडून कामं केली, नंतर बचावाकडे आले. पोलिसांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहण्यासाठी तयारही केलं आहे आणि पुढे त्याच पिंजऱ्यात त्यांना प्रश्नही विचारले आहेत. म्हणून त्या रात्रीचे दोन भाग वेगळे करून सांगते, कारण तुमच्या पत्रात ते एकत्र झालेत.

साउंड बंद करायला सांगणं हे पोलिसांचं कामच होतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. राज्य सरकार वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंतची सूट देऊ शकतं, त्यापुढे नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे पोलिसाची वाजवी सूचना पाळणं बंधनकारक आहे. जो पाळत नाही त्याला कलम ६९ प्रमाणे तिथून बाजूला काढता येतं. मग त्याला मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं, किंवा बाब किरकोळ असेल तर प्रसंग टळल्यावर सोडायचं. आंदोलनाच्या बातम्यांत ‘६८ प्रमाणे ताब्यात घेऊन ६९ प्रमाणे सुटका’ असं जे वाचता ते हेच. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ मध्येही हा अधिकार आहे आणि किरकोळ बाबतीत शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत सोडायचं असं तिथे लिहिलंय. म्हणजे भावाला मिरवणुकीतून उचलून नेलं हे बेकायदा नव्हतं. हे मान्य करून पुढे चला. तक्रारीत ‘काही कारण नसताना उचललं’ असं लिहिलंत तर पहिल्याच ओळीत तुमचं म्हणणं कच्चं होईल.

नेताना भाऊ अंगावर गेला असता, झटापट करून सुटू पाहत असता, तर त्याला धरायला लागेल तेवढं बळ वापरणंही कायदेशीर होतं. संहितेचं कलम ४३ तेच सांगतं, आणि कलम ४६ त्याला मर्यादा घालतं: पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त जखडायचं नाही. माणूस चौकीतल्या बाकड्यावर बसला की या बळाचं कारण संपलं. त्यानंतर मारलेला प्रत्येक पट्टा ही शिक्षा आहे, आणि शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसाला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. आपल्याकडे फटक्यांची शिक्षा १९५५ साली कायद्यातून काढून टाकली. सत्र न्यायाधीश फाशी सुनावू शकतात, पण एक फटका मारायचा आदेश देऊ शकत नाहीत. मग तो चौकीतला हवालदार कुठून देणार? तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि त्याला कुठलाही ‘पण’ जोडलेला नाही. भावाने शिवी दिली असेल, कॉलर धरली असेल, तरी नाही. त्याचा गुन्हा असेल तर तो नोंदवायचा.

रात्रभर ठेवण्याचं काय? तुमच्या मंडळाचं विसर्जन किती वाजता झालं ते शोधा. मिरवणूक संपली की प्रसंग टळला. त्यानंतर सकाळपर्यंत बसवून ठेवायला ६९ चा आधार राहत नाही. मंडळाच्या कुणीतरी काढलेल्या शेवटच्या आरतीच्या व्हिडिओवरची वेळ इथे पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण पोलीस आणि लोक यांच्यातलं बहुतेक बिनसणं याच जागी होतं. अटक झालेल्या माणसाला आपल्या कायद्याने भरपूर संरक्षण दिलंय. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अकरा सूचना दिल्या: पोलिसाच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर व्हावा आणि त्यावर अटक झालेल्याची सही हवी, घरच्यांना कळवावं, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. हे आता संहितेतच बऱ्याच अंशी आलंय. पण हे सगळं अटक लिहिल्यावर सुरू होतं. म्हणून मार बहुतेक वेळा अटक लिहिण्याच्या आधी बसतो. ‘चौकशीला आणलाय’, ‘बसवून ठेवलाय’, ‘साहेब आले की सोडतो’. तोवर स्टेशन डायरीत त्या माणसाची नोंदच नसते, कागदोपत्री तो घरी असतो. मी पाहिलेल्या प्रकरणांत अंगावरचे वळ आणि अटकेच्या पंचनाम्यावरची वेळ यांच्यात जवळपास नेहमी एका रात्रीचं अंतर असतं.

मुंबई उच्च न्यायालयाने अशक हुसेन प्रकरणात १९९० सालीच सांगितलं आहे की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू झाली, पोलिसांनी कागदावर कुठलीही वेळ टाकलेली असो. तेव्हा घरच्यांनी करायची गोष्ट एकच, ती वेळ कुठेतरी बाहेर नोंदली जाईल असं बघायचं. ११२ ला फोन करा, त्या कॉलची नोंद राहते. ठाण्याच्या, पोलीस अधीक्षकांच्या किंवा आयुक्तालयाच्या ईमेलवर दोन ओळी टाका: अमुक नावाच्या मुलाला इतक्या वाजता इथून नेलं, कुठे ठेवलंय ते कळवा. वकिलाला मेसेज करा. ठाण्यात गेलात तर ठाणे अंमलदाराशी शांतपणे बोला, त्याचं नाव आणि बक्कल नंबर लिहून घ्या. पोलीस ठाण्यात मोबाईलवर चित्रीकरण केलं म्हणून शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरीही फोन नाकासमोर धरून चित्रीकरण करू नका. त्याने आतल्या माणसाचं भलं होत नाही.

तुमच्या बाबतीत ती रात्र उलटून गेली. पण त्या रात्री तुम्ही कुणाकुणाला फोन केले, चौकीबाहेर किती वाजेपर्यंत उभे होतात, हे सगळं फोनमध्ये आहे. आज रात्री बसून वेळेच्या क्रमाने एका कागदावर उतरवा. पंधरा दिवसांनी आठवणीत वेळा सरकतात. कोऱ्या कागदावर सही घेतली, तेही अर्जात तारखेसह लिहा. उद्या त्या सहीच्या वर ‘माझी काही तक्रार नाही’ असा मजकूर निघाला तर तुम्ही आधीच हरकत नोंदवलेली असेल.

आता ‘३५३’. जुन्या दंड संहितेचं हे कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ झालंय, तरी ठाण्यात तोंडी अजून तीनशे त्रेपन्नच आहे. सरकारी नोकराला कर्तव्य करण्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, असा हा गुन्हा. अजामीनपात्र आहे, म्हणून त्याची भीती घालतात. पण वाद घालणं, आवाज चढवणं, नाव विचारणं, व्हिडिओ काढणं हे बळ नव्हे. धक्का दिला, हात पिरगळला, कॉलर धरली तर ते कलम येतं. महाराष्ट्राने २०१८ पासून आपल्यापुरती या गुन्ह्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती. नव्या न्याय संहितेत ती दोन वर्षांपर्यंत आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार निकालात २०१४ साली ठरवून दिलंय आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) मध्ये ते आहे. शिवाय अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात करता येतो. घटनेच्या रात्री दाखल न केलेला गुन्हा तुमच्या तक्रारीनंतर अचानक दाखल झाला, तर तो उशीर न्यायाधीशांना दिसतोच. तुमच्या तक्रारीवर आधीच्या तारखेचा आवक शिक्का असेल तर फारच ठळक दिसतो. म्हणून धमकी आली म्हणून थांबू नका. उलट त्या धमकीचीही तारीख, वेळ आणि कोण बोललं ते लिहून ठेवा.

भावाने खरोखर हात लावला होता का, हे मात्र त्याला एकट्याला बसवून विचारा आणि वकिलाला खरं सांगा. खरं सांगितलं तर त्यावर मार्ग निघतो. लपवलं तर सुनावणीत कुणाच्या तरी मोबाईलमधला व्हिडिओ निघतो आणि मग मार खाल्ल्याचं खरं म्हणणंही कुणी ऐकत नाही.

समजा उद्या अटक झालीच, तर भावाला रिमांडला, म्हणजे कोठडी मागण्यासाठी मॅजिस्ट्रेटसमोर, आणतील. तो प्रसंग कसा असतो ते सांगते, म्हणजे तो गोंधळणार नाही. बहुतेकदा दुपारनंतर, कोर्ट उठायच्या आधी. दोन शिपाई आरोपीच्या बोटांत बोटं गुंतवून त्याला घेऊन येतात, रात्रभर झोप नसते, चप्पल काढून ठेवलेली असते. समोर लघुलेखक टाइप करत असतो. मॅजिस्ट्रेट मान वर करून विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ शिपायाने हात धरलेलाच असतो. मुलगा म्हणतो, ‘नाही साहेब.’ आणि रिमांडच्या आदेशात ओळ येते की आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. सगळं मिळून अर्धं मिनिट. पुढे वर्षानुवर्षं त्या ओळीशी झगडावं लागतं. कित्येक मॅजिस्ट्रेट काळजीने विचारतात, पोलिसांना बाजूला व्हायला सांगतात, शर्ट वर करून पाठ बघतात. पण कामाचा रेटा असा असतो की हे रोज, प्रत्येक आरोपीला होत नाही. म्हणून भावाला आत्ताच सांगून ठेवा: विचारलं की ‘हो, आहे’ म्हणायचं, कुठे मारलं ते दाखवायचं, आणि विचारलं नाही तरी हात वर करून सांगायचं. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मागायचा. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तक्रार सांगितली तर मॅजिस्ट्रेट ती नोंदवतात आणि वैद्यकीय तपासणीला पाठवतात. मग कोठडी मिळाली तरी सोबत त्या तपासणीचा कागद असतो, आणि पुन्हा हात उगारताना पोलीस विचार करतात.

पोलीस असं का वागतात, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगावंसं वाटतं, कारण त्याशिवाय तुमची तक्रार कुणाविरुद्ध आहे हे नीट कळणार नाही. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं. पण आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर तेवढी माहिती चालते. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम २३ चं परंतुक. चोरीच्या तपासात सगळा जोर मुद्देमाल निघण्यावर असतो, वरिष्ठांचा आढावाही त्यावरच, आणि मुद्देमाल काढण्याचा सोपा रस्ता म्हणून पट्टा बाहेर येतो. सांगलीत २०१७ साली किरकोळ लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला तरुण शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत मारहाणीत मेला, त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला आणि घरच्यांना तो पळून गेल्याचं सांगितलं, हे तपासात बाहेर आलं. एक मोबाईल आणि काही हजार रुपये एवढाच तो मूळ गुन्हा होता.

आणि या मारामागे आपणही आहोत. ठाण्यात फिर्याद द्यायला आलेला दुकानदार ‘साहेब, आधी दोन रट्टे द्या त्याला’ म्हणतो. वडील स्वतःच्या मुलाला घेऊन येतात आणि जरा धाक दाखवा म्हणतात. छेडछाडीच्या आरोपीची रस्त्यावरून धिंड काढली की त्या व्हिडिओखाली टाळ्या पडतात. त्या दिवशी त्या पोलिसाला समाजाने सांगितलेलं असतं की हे तुझं काम आहे. मग तोच हात तुमच्या भावावर पडतो.

पोलिसाच्या बाजूचंही खरं आहे. मुंबईत खारला ऑगस्ट २०१६ मध्ये हेल्मेट नसलेल्या अल्पवयीन मुलाला अडवलं म्हणून वाहतूक हवालदार विलास शिंदे यांच्या डोक्यात बांबू घातला गेला आणि ते आठवडाभराने गेले. त्याच वर्षी मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तो एका शिपायानेच सुचवलेला होता. त्याआधी बारा तास आणि त्याहून जास्त हे नेहमीचंच होतं. जिल्ह्यांत गणपती-नवरात्रात अजूनही हक्काची सुट्टी मिळत नाही. दहा दिवस रस्त्यावर उभा असलेला, घरच्या गणपतीची आरती चुकलेला माणूस तुमच्या भावासमोर होता. यामुळे तो मार माफ होत नाही. पण अधीक्षकांसमोर बोलताना तुमच्या सुरात हे असू द्या, ते ऐकून घेतील.

आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून बोचते. तुमच्या भावाने वाद घातला म्हणून त्याला मार बसला. माझ्याकडे येणाऱ्या पारधी वस्तीवरच्या मुलांना वादही घालावा लागत नाही. परिसरात घरफोडी झाली की वस्तीवर गाडी येते आणि हाताला लागेल तो पुरुष उचलला जातो. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ठाण्यातल्या नजरेतून तो गेलेला नाही. वस्तीवरच्या बायका रात्रीतून ठाण्याबाहेर येऊन बसतात, उठवलं तरी उठत नाहीत, पहाटेपर्यंत लेकराचं नाव घेत राहतात. वाचता-लिहिता न येणाऱ्या त्या बायका आज मी तुम्हाला सांगितलेलंच करत असतात: आपलं माणूस आत आहे हे चारचौघांत नोंदवत असतात. तुमच्याकडे मोबाईल आहे, ईमेल आहे, पगाराची नोकरी आहे. तुम्ही तक्रार शेवटपर्यंत नेलीत तर पुढच्या वेळी त्या ठाण्यात हात उगारला जाताना थोडा फरक पडेल, आणि त्याचा फायदा तुमच्यापेक्षा त्यांना जास्त होईल, असं मला वाटतं.

आता तक्रारीची वाट. पहिला अर्ज त्याच ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांच्या नावाने: घटना, वेळ, मारणाऱ्यांची नावं किंवा वर्णन, साक्षीदार, केसपेपरची प्रत. आवक शिक्का घ्या, नाही दिला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे. शहरात असाल तर उपायुक्तांकडे. तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) चा अर्ज. पोलीस सरकारी नोकर असल्यामुळे नव्या संहितेत १७५(४) ची पायरी वाढली आहे: त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं बघून मग मॅजिस्ट्रेट तपासाचा आदेश देऊ शकतात. याने वेळ जातो. त्यानंतर खटल्याआधी सरकारची मंजुरी लागते का हा वाद येईल. चौकीत कोंडून मारणं हे कर्तव्य नव्हे असं आपण म्हणायचं, कर्तव्य करताना थोडं जास्त झालं असं ते म्हणणार. न्यायालयांनी दोन्ही बाजूंनी निकाल दिलेले आहेत, बहुतेक वेळा मार आणि काम यांचा संबंध किती जवळचा यावर. पट्टा, बंद खोली आणि मिरवणूक संपल्यानंतरची वेळ, या तीन गोष्टी म्हणून तुमच्या अर्जात स्वच्छ आल्या पाहिजेत.

त्यासोबत त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या, तो फक्त सीसीटीव्हीसाठी. परमवीर सिंग सैनी निकालात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे आणि अठरा महिने साठवण, निदान एक वर्ष तरी, असं बंधन घातलंय. अंमलबजावणी किती ढिली आहे हे पाहून २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या. ते उत्तरही कोर्टात बोलतं. बाहेरच्या चौकीत कॅमेरा नसण्याची शक्यता मोठी, म्हणून चौकीसमोरच्या मेडिकल, एटीएम, हॉटेल यांच्याकडे आजच विचारा. खासगी दुकानांतलं चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं. भावाला आत नेताना आणि सकाळी लंगडत बाहेर येताना, हे दोन तुकडे मिळाले तरी अर्धं काम झालं.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही अर्ज करता येतो. पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर २०१४ साली आपल्या पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ते आणलं. रीत सोडून ताब्यात ठेवणं हा विषय त्याच्या कक्षेत येतो. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षभरात जाता येतं. दोन्हीकडे वकील लागत नाही आणि दोन्हीकडे वेळ लागतो. मी त्यांना मुख्य रस्ता मानत नाही, पण तिथून ठाण्याला खुलाशाची नोटीस येते, आणि चौकशी सुरू असताना तक्रारदाराला हात लावायला कुणी धजत नाही.

मुदत विसरू नका. पोलीस कायद्याच्या कलम १६१ मध्ये पोलिसांविरुद्धच्या कारवाईला सहा महिन्यांची मर्यादा आहे. मारहाणीला ती लागू होते का यावर वाद घालता येतो, पण आपल्या प्रकरणात तो वाद येऊच देऊ नका. सहा महिन्यांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर काहीतरी दाखल झालेलं असू द्या.

निकाल लागतो का? लागतो, फार उशिरा. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण गेले. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती २००९ साली. अलीकडे परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू पावलेल्या तरुणाच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांवर गुन्हा नोंदवायला लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकवला. तुमचं प्रकरण एवढं मोठं नाही. अशा प्रकरणात खात्यांतर्गत चौकशी, बदली, वेतनवाढ रोखणं इथपर्यंत गोष्ट लवकर जाऊ शकते, आणि त्या ठाण्याला तेही जाणवतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्रासाचा. पहिले काही आठवडे दबाव येईल. बहुधा पोलीस स्वतः येणार नाहीत. मंडळाचे अध्यक्ष, नगरसेवक, ओळखीतला एखादा हवालदार येईल आणि ‘मुलाच्या भविष्याचा विचार करा’ म्हणेल. त्यांचं ऐकून घ्या, लगेच हो-नाही करू नका, कुठल्याही कागदावर सही करू नका. मिटवायचंच ठरलं तर तेही करता येतं. त्यात कमीपणा नाही. पण रुग्णालयाचा केसपेपर आणि अधीक्षकांच्या अर्जाची पोच हातात आल्यावर मिटवा, आधी नाही. भावाला काही दिवस एकटं फिरू देऊ नका, चौकशीला बोलावलं तर लेखी नोटीस मागा आणि वकील किंवा घरचं मोठं माणूस सोबत जा. पासपोर्टची भीती मनातून काढा: तक्रार केल्याने पासपोर्ट अडत नाही, गुन्हा प्रलंबित असला तर अडचण येते, आणि तेव्हाही कोर्टाच्या परवानगीने मार्ग निघतो.

हे सगळं तुम्ही मोठा भाऊ म्हणून विचारताय. मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर उभं राहायचंय ते धाकट्याला. त्याला मारताना काय बोलले, किती जण बघत होते, हे त्याने कदाचित तुम्हालाही सांगितलं नसेल. रुग्णालयात जाताना वाटेत त्याला विचारा की त्याला हे पुढे न्यायचंय का. तो नको म्हणाला तरी तपासणी करून केसपेपर मात्र घेऊन ठेवा. दोन महिन्यांनी त्याचं मत बदललं तर सहा महिन्यांतले चार त्याच्या हातात असतील.